कृपया सूचना येथे लिहाव्यात

आमच्या गावच्या वाचनालयात (नाव मुद्दाम लिहीत नाही, घरच्यांना माहीतच आहे) पूर्वी दोन वह्या असायच्या. एक जाडजूड, लाल कापडी बांधणीची. ती कपाटात कुलपात. तिला शेरेबुक म्हणत. कोणी साहित्यिक, आमदार किंवा जिल्ह्याचा अधिकारी आला की चहाबरोबर ती बाहेर निघायची. "वाचनालयास भेट दिली. व्यवस्था उत्तम. पुढील वाटचालीस शुभेच्छा." एवढं लिहून झालं की पुन्हा कुलपात.

दुसरी वही साधी शंभरपानी. सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेली, आणि तिच्या सुतळीला पेन बांधलेलं. वर पाटी: 'कृपया सूचना येथे लिहाव्यात'.

यंदा दिवाळीत गावी गेलो तेव्हा सहज चौकशी केली. शेरेबुक जाग्यावर होतं. सूचनावहीचं विचारल्यावर टेबलावरचा मुलगा जरा गोंधळला. "ती भरली होती काका. मग नवीन कोणी मागितली नाही." शेवटी माळ्यावरच्या जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात तीन वह्या सापडल्या. झटकून घेतल्या आणि खिडकीजवळच्या बाकावर बसून दुपारभर वाचल्या. अलीकडे इतक्या आवडीने दुसरं काही वाचल्याचं आठवत नाही.

पंखा फार हळू फिरतो. दिवाळी अंक ठरावीक घरांतच महिना महिना मुक्काम करतात. परीक्षेच्या दिवसांत रात्री दहापर्यंत वाचनकक्ष उघडा ठेवावा. एका बाईंनी लिहिलं होतं की काउंटरवर पुरुषांची गर्दी असते, यादी नीट बघता येत नाही, तर यादीची एक प्रत आतल्या खोलीत ठेवावी. आणि एका त्रस्त वाचकाची नोंद: 'रहस्यकथेचं शेवटचं पान फाडलेलं आहे. फाडणाऱ्याने निदान खुनी कोण ते इथे लिहावे.' खाली वेगळ्या अक्षरात एकच शब्द: 'दिवाणजी.'

प्रत्येक नोंदीखाली लाल शाईत उत्तर होतं. 'पंखा दुरुस्त करून घेतला.' 'यादीची प्रत आत ठेवली आहे.' 'पुस्तक मागवले आहे.' 'क्षमस्व, यंदा पैसे नाहीत, सभेत विषय मांडावा.' हे अक्षर बाबांच्या मामांचं, म्हणजे अण्णांचं. नोकरीतून निवृत्त झाल्यावर कितीतरी वर्षं ते तिथे मानद ग्रंथपाल होते. माझीही एक नोंद सापडली, नववीतली: 'ताऱ्यांवर मराठीत पुस्तक हवे.' खाली लाल शाईत, 'चौकशी करतो.' चार महिन्यांनंतरच्या तारखेने पुन्हा, 'आले आहे. घेऊन जाणे.' घरी रोज भेटणारे अण्णा मला हे तोंडी सांगू शकले असते. पण प्रश्न वहीत विचारला होता, तर उत्तरही वहीतच. नातेवाईक म्हणून नाही, वाचक म्हणून.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. वाचकाने विचारायचं आणि ग्रंथालयाने उत्तर द्यायचं, हे ठरलं कधी? पुस्तकं ठेवणारा मालक आणि वाचणारा उपकृत, असाच तर सगळीकडे रिवाज होता. मग वाचकाला तोंड कधी फुटलं?

आपली सुरुवातीची ग्रंथालयं इंग्रजी वळणावर निघाली, त्यामुळे आधी लंडनला जावं लागतं. तिथे एकोणिसाव्या शतकातला सगळ्यात नामवंत कटकट्या वाचक भेटतो: टॉमस कार्लाइल. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षावर त्याचा राग. गर्दी फार, बसायला धड जागा नाही, पुस्तक घरी नेता येत नाही. तिथले मुख्य अधिकारी पानित्सी हे मूळचे इटलीतले राजकीय निर्वासित. त्यांचं आणि कार्लाइलचं कधी जमलंच नाही. शेवटी कार्लाइलने खटपट करून, सभेत भाषण करून, लोकांकडून वर्गणी जमवून वेगळं ग्रंथालय काढायला लावलं. १८४१ साली सुरू झालेली ती लंडन लायब्ररी आजही चालू आहे, आणि सभासदांना पुस्तकं घरी नेऊ देते. एका वाचकाच्या तक्रारीतून उभी राहिलेली संस्था!

पण गंमत अशी की ज्यांच्यावर राग होता ते पानित्सीही काही वाचकाचे शत्रू नव्हते. गरीब विद्यार्थ्याला देशातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाइतकीच ज्ञानाची साधनं मिळावीत, आणि ती सरकारने पुरवावीत, असं त्यांनी १८३६ मध्येच संसदेच्या समितीसमोर सांगितलं होतं. १८४७ ते १८४९ या काळात म्युझियमच्या कारभाराची चौकशी करायला शाही आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे ग्रंथसूचीबद्दल, जागेबद्दल वाचकांच्या साक्षी झाल्या. कार्लाइलही बोलला. म्हणजे सूचनावहीच, फक्त सरकारी छापाची. १८५७ मध्ये पानित्सींच्या कल्पनेतला तो प्रसिद्ध गोल घुमटाचा वाचनकक्ष उघडला. तरी प्रश्न संपले नाहीत. आगीच्या भीतीने आत दिवे लावत नसत, त्यामुळे लंडनच्या धुक्यात अंधारून आलं की वाचकांना उठावं लागे. १८७९ मध्ये विजेचे दिवे आले तेव्हा ते थांबलं.

तात्पर्य, वाचक कुरकुरला की ग्रंथालय थोडं सुधारतं. लगेच नाही, आनंदाने नाही, पण सुधारतं. याच घुमटाखाली पुढे १९२० नंतरच्या लंडनमधल्या वर्षांत बाबासाहेब आंबेडकर दिवस दिवस वाचत बसले. ज्या कार्डावर ते आत गेले, त्यावर जात लिहिलेली नव्हती.

दुसरी पायरी अमेरिकेतली. तोवर ग्रंथपालाचं काम म्हणजे पुस्तक सांभाळणं. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावचा ग्रंथपाल सॅम्युएल स्वेट ग्रीन याने १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ग्रंथपाल परिषदेत निबंध वाचला. त्याचं सांगणं साधं होतं. वाचकाला आपल्याला काय हवंय ते नेहमीच नीट सांगता येत नाही. त्याच्याशी आपुलकीने बोला, प्रश्न समजून घ्या, पुस्तकापर्यंत नेऊन सोडा. कारागीर असो की शाळकरी पोर, विचारायला संकोच वाटू नये. ग्रंथालयांतली संदर्भसेवा म्हणतात तिची सुरुवात या निबंधापासून सांगितली जाते. 'हे पुस्तक द्या' असं म्हणणाऱ्याबरोबरच 'मला हे कळत नाहीये' असं म्हणणाऱ्यालाही आता काउंटरवर जागा झाली.

माणसं मग काय काय विचारतात! न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात काही वर्षांपूर्वी एक जुनी पेटी सापडली. १९४० च्या दशकापासून पुढच्या काळात वाचकांनी विचारलेले चमत्कारिक प्रश्न तिथल्या कर्मचाऱ्यांनी कार्डांवर टिपून ठेवले होते. घरात ऑक्टोपस पाळता येतो का? हत्ती पाठलाग करतोय असं स्वप्न पडलं तर त्याचा अर्थ काय? २०१९ मध्ये त्यांचं पुस्तकही निघालं. हसू येतंच. पण मला त्या कार्डं जपणाऱ्यांचं कौतुक वाटतं. प्रश्न वेडा वाटला तरी फेकून दिला नाही.

असो. आता आपल्याकडे येऊ.

मराठी मुलखातली जुनी ग्रंथालयं खरोखर जुनी आहेत. रत्नागिरीचं १८२८ चं, अहमदनगरचं (आता अहिल्यानगर) १८३८ चं, नाशिकचं १८४० चं. पुण्यात १८४८ मध्ये लोकहितवादींच्या पुढाकाराने नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. साहेब अधिकारी, संस्थानिक, वकील, सावकार यांच्या देणग्या आणि सभासदांची वर्गणी यांवर ती उभी राहिली. पुढे ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) निघालं. मराठीत छापलेलं पुस्तक कुठेतरी एका छताखाली मिळालं पाहिजे, ही त्यामागची तळमळ.

या वर्गणीत आपल्या ग्रंथालयांचं बळही आहे आणि दुखणंही.

बळ असं, की वर्गणी भरणारा सभासद झाला. सभासद झाला म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेत उभा राहून बोलू लागला, मत देऊ लागला, कार्यकारिणीवर निवडून येऊ लागला. कार्लाइलला आयोगापुढे जावं लागलं, आमच्या गावच्या मास्तरांना नुसतं हात वर करायचं होतं. अण्णांनी 'सभेत विषय मांडावा' असं लिहिलं ते उगीच टाळायला नव्हे. तिथे खरंच विषय मांडता यायचा, आणि चहा-चिवड्याच्या आधी त्यावर कडाक्याचं भांडणही व्हायचं!

दुखणं असं, की ज्याने वर्गणी भरली नाही त्याचा प्रश्न ग्रंथालयाच्या कानावरच येत नाही. आणि काही ठिकाणी तर नुसती वर्गणी भरण्याची ऐपत असूनही भागत नसे. मुंबईत एशियाटिक सोसायटी १८०४ पासूनची. माणकजी करसेटजी हे पहिले भारतीय सभासद तिथे १८४० मध्ये घेतले गेले, आणि त्याआधी त्यांचा अर्ज एकदा नाकारला गेला होता. मुंबईच्या सुखवस्तू पारशी घराण्यातल्या माणसाची ही कथा. मग गावकुसाबाहेरच्या माणसाचं काय? सूचनावही सुतळीने टेबलाला बांधलेली असते. टेबलापर्यंत पोचण्याची परवानगी ज्याला आहे त्याच्याच सूचना तीत येणार.

हे ओळखलं एका मराठी राजाने, पण महाराष्ट्राबाहेर. मालेगावजवळच्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर होते. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग प्रश्न आला की शाळेतून बाहेर पडलेलं पोर वाचणार काय? न वाचता चार वर्षांत अक्षर विसरणार. अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी तिथली फुकट ग्रंथालयं बघितली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालालाच बडोद्याला आणलं. तो तीन वर्षं होता. मध्यवर्ती ग्रंथालय, स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग, गावोगावी ग्रंथालयं, आणि जिथे तीही नाहीत तिथे पुस्तकं भरलेल्या लाकडी पेट्या पाठवायच्या. पेटी गावात यायची, लोक वाचायचे, ती परत जायची आणि दुसरी यायची. गावाने काही रक्कम जमवली की तेवढीच पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, अशी ग्रामग्रंथालयांची रीत. ग्रंथालयांना वाहिलेलं एक नियतकालिकही निघत असे, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत.

वाचक टेबलाशी येत नसेल तर टेबलाने वाचकाकडे जावं, असा हा उलटा विचार. यानंतर काही वर्षांनी, १९२४ मध्ये, मद्रासला गणिताचे एक प्राध्यापक विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. सुरुवातीला त्या नोकरीत कंटाळलेले हे गृहस्थ म्हणजे शि. रा. रंगनाथन. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपाने मांडले. त्यातला एक वाचकाचा वेळ वाचवायला सांगतो, एक प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळायला हवं म्हणतो. 'प्रत्येक' हा शब्द फार महाग आहे. तो खरा करायचा तर वर्गणी पुरत नाही, कायदा लागतो.

कायद्याची गोष्ट मला तरी माहीत नव्हती. भारतातला पहिला ग्रंथालय कायदा कुठला? मद्रासचा १९४८ चा, असं मी समजत होतो. पण त्याआधी १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने तो केला होता! १९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं आणि तो मागे पडला. मुंबई सरकारने १९३९ मध्ये फैझी समिती नेमली होती. तिने गावापासून राज्यापर्यंतच्या ग्रंथालयांचा आराखडा सुचवला. अखेर महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला १९६७ मध्ये.

इथे एक वळण आलं. मद्रास (१९४८), आंध्र (१९६०), कर्नाटक (१९६५) यांच्या कायद्यांत ग्रंथालयासाठी उपकर आहे. घरपट्टीबरोबर थोडे पैसे प्रत्येकाकडून, आणि ग्रंथालय प्रत्येकाचं. महाराष्ट्राने उपकर घेतला नाही. लोकांनी चालवलेल्या संस्था इथे आधीपासून होत्या, त्यांनाच अनुदान द्यायचं ठरवलं. १९७० च्या नियमांनी त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले. पुस्तकं किती, नियतकालिकं किती, सभासद किती, दिवसाला किती तास उघडं, यावरून वर्ग, आणि वर्गावरून अनुदान.

निर्णय वाईट होता असं मला म्हणायचं नाही. त्यामुळेच महाराष्ट्रात दहा हजारांहून अधिक ग्रंथालयं उभी आहेत, अगदी लहान लहान गावांतही. कराच्या पैशावर चालणाऱ्या सरकारी ग्रंथालयात वाचक सभेत उभा राहून अध्यक्षांना जाब विचारू शकत नाही, आपल्याकडे शकतो. पण एक गोष्ट हळूच घडली. पूर्वी ग्रंथालय वर्गणीदाराच्या तोंडाकडे बघायचं. आता ते तपासणीच्या तारखेकडे बघू लागलं. दाखलनोंदवही बिनचूक हवी, देवघेवीची नोंद हवी, हजेरीपत्रक हवं. ते हवंच, सार्वजनिक पैसा आहे. फक्त 'यंदा वाचकांनी किती प्रश्न विचारले आणि त्यांतल्या कितींना उत्तर दिलं' याचा रकाना वर्ग ठरवताना लागत नाही. जे मोजलं जातं ते सांभाळलं जातं. जे मोजत नाहीत ते माळ्यावर जातं.

पुन्हा त्या तीन वह्यांकडे येतो. तिसरी वही अर्ध्यापर्यंत दोन रंगांत आहे. मग अण्णांचं आजारपण आलं. (घरच्यांना ती वर्षं आठवत असतील.) त्या पानापासून लाल शाई नाही. निळी शाई मात्र चालू राहते. इंग्रजी शब्दकोशाची पानं सुटली आहेत. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं जुनी आहेत. पावसाचं पाणी इतिहासाच्या कपाटावर गळतं. कोणीतरी तेच पुन्हा लिहिलंय, 'पाणी अजून गळते'. मग नोंदींमधलं अंतर वाढत जातं. शेवटची नोंद एका मुलीची असावी, अक्षर शाळकरी आहे: 'ही वही कोणी वाचते का?'

त्याच्यापुढे वही कोरी आहे. म्हणजे ती भरलीच नव्हती. टेबलावरच्या मुलाला तसं सांगितलं असेल, त्याचा दोष नाही.

आपण नेहमी म्हणतो की लोकांनी वाचणं सोडलं. टीव्ही आला, मोबाइल आला. असेलही. पण या वहीत लोकांनी वाचणं सोडण्याआधी विचारणं सोडलं होतं, आणि त्याच्याही आधी कोणीतरी उत्तर देणं सोडलं होतं. निदान आमच्या गावात तरी घटनांचा क्रम हा असा आहे. तारखांसकट.

अण्णांकडे पैसे नव्हते, इमारत गळकी होती, पंखा तेव्हाही हळूच फिरायचा. तरी 'क्षमस्व, पैसे नाहीत' असं वाचून माणूस पुन्हा पुढच्या महिन्यात लिहीत होता. नकारानेही वही चालू राहते. बंद पडते ती शांततेने.

निघताना कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभरपानी वही आणली आणि त्या मुलाच्या मदतीने टेबलाला बांधली. पहिली नोंद मीच केली: 'इतिहासाच्या कपाटावर पाणी गळते काय? गळत असल्यास कपाट हलवावे.' लाल पेन मात्र घेतलं नाही. ते कोणाच्या हातात द्यायचं हे मी ठरवून चालणार नाही. वार्षिक सभेत विषय मांडीन म्हणतो. अण्णांनी माझं नाव आजीव सभासदांत घातलं होतं, त्याचा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उपयोग करणार आहे. बघू, चहा-चिवड्याच्या आधी नंबर लागतो का!

तुमच्या गावच्या वाचनालयात अशी वही आहे का? असेल तर एकदा उघडून बघा. आणि शेवटच्या नोंदीखाली उत्तर आहे का, तेवढं मला नक्की कळवा.